अंतःस्थापित संगणक : प्रारंभक व दोषशोधक कार्यक्रम

एखाद्या यंत्राच्या अंगातच कायमचा बसविलेला व त्या यंत्राच्या ठराविक कामासाठीच वापरला जाणारा संगणक म्हणजे अंतःस्थापित संगणक होय. विद्युत् पुरवठा मिळताच अशा संगणकात जो लहानसा कार्यक्रम (क्रमवार आज्ञांचा संच) सर्वांत प्रथम चालतो, संगणकाची अंगे कामास सज्ज करतो व नंतर मुख्य कार्यक्रमाकडे सूत्रे सोपवितो, त्यास प्रारंभक किंवा व्यवहारात बूटलोडर म्हणतात. मुख्य कार्यक्रमातील चुका शोधण्यासाठी संगणक थांबविणे, त्याच्या स्मृतीतील मजकूर वाचणे वा बदलणे आणि कार्यक्रम एकेका आज्ञेने पुढे चालविणे या सोयी ज्या कार्यक्रमामुळे मिळतात, त्यास दोषशोधक किंवा मॉनिटर असे नाव आहे. हे दोन्ही कार्यक्रम वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत राहतात. अशा स्मृतीत ठेवलेल्या कार्यक्रमांना फर्मवेअर ही सर्वसाधारण संज्ञा आहे.

कपडे धुण्याचे यंत्र, विजेचा अंकीय मीटर, मोटारीच्या एंजिनाचे नियंत्रण, रुग्णालयातील औषध सोडणारा पंप, शेतातील पाण्याच्या पंपाचा स्वयंचलित प्रारंभित्र या सर्वांत असे संगणक असतात. टेबलावरील संगणकाप्रमाणे त्यांना पडदा व कळफलक असतोच असे नाही. पडद्याचा संगणक अडकला, तर वापरणाऱ्याला ते दिसते व तो दुरुस्तीची खटपट करू शकतो. सावेडीसारख्या उपनगरातील एखाद्या घराच्या भिंतीवरचा मीटर किंवा दूरच्या शिवारातील पंपाचा नियंत्रक अडकला, तर तेथे उपाय करणारा कोणी हजर नसतो. म्हणून या संगणकाला स्वतःच उठता येणे व उठता आले नाही, तर निदान दुरुस्ती स्वीकारता येणे आवश्यक असते. ही जबाबदारी प्रारंभकावर असते. आकाराने तो सर्वांत लहान असला, तरी सर्वांत अधिक भरवशाचा असावा लागतो तो याच कारणामुळे. [⟶ संगणक, सूक्ष्मप्रक्रियक].

प्रारंभाची क्रिया : सूक्ष्मप्रक्रियकाला (एका चकतीवर सामावलेल्या गणन व नियंत्रण विभागाला) वीज मिळते, तेव्हा पहिली आज्ञा कोठून घ्यावयाची हे त्याच्या रचनेतच ठरलेले असते. इंटेल कंपनीचा ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक (१९७६) स्मृतीतील ०००० या पत्त्यापासून आरंभ करतो. ८०८६ या प्रक्रियकाचा आरंभ १ मेगॅबाइट स्मृतीच्या वरच्या टोकाखाली १६ बाइटांवर होतो. सध्या अतिशय प्रचारात असलेल्या आर्म कॉर्टेक्स-एम वर्गातील प्रक्रियकांत स्मृतीच्या आरंभीचे ४ बाइट चळतीचा (तात्पुरती माहिती एकावर एक रचून ठेवण्याच्या जागेचा) पत्ता दर्शवितात आणि पुढील ४ बाइट पहिल्या आज्ञेचा पत्ता दर्शवितात. प्रारंभक या ठरलेल्या ठिकाणी ठेवावा लागतो. तेथे काहीच नसेल वा चुकीचे काही असेल, तर प्रक्रियक सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरतो.

प्रारंभकाची पहिली कामे साधी पण निकडीची असतात. बाहेरील विद्युत् मंडलांना जोडलेले अग्र प्रथम सुरक्षित स्थितीत आणले जातात. नाहीतर नियंत्रक जागा होताना चलित्र क्षणभर आपोआप सुरू होण्याचा धोका असतो. त्यानंतर घड्याळ-स्पंदांचा वेग ठरविला जातो, तात्पुरत्या स्मृतीतील ठराविक जागा शून्य केल्या जातात आणि मागील वेळी संगणक कशामुळे बंद पडला होता याची नोंद वाचली जाते. ही नोंद विशेष उपयुक्त असते. विद्युत् दाब उतरल्यामुळे बंद पडलेला संगणक व स्वतःच्या कार्यक्रमात गुरफटून बंद पडलेला संगणक यांवरील उपाय वेगवेगळे आहेत. दाब ठराविक मर्यादेखाली गेला की, प्रक्रियक आज्ञा चुकीच्या वाचू लागतो व क्वचित स्वतःचीच स्मृती पुसून टाकतो. म्हणून दाब उतरताच प्रक्रियकाला थांबवून धरणारे मंडल त्याच्याबरोबरच बसविलेले असते.

शेवटी प्रारंभक मुख्य कार्यक्रम अखंड आहे की नाही हे तपासतो. त्यासाठी कार्यक्रमातील सर्व बाइटांवर एक ठराविक गणिती क्रिया करून येणारी संख्या आधी नोंदविलेल्या संख्येशी ताडून पाहतात. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडलेली चक्रीय पडताळ्याची पद्धत यासाठी सर्वत्र वापरली जाते. ३२ बिटांचा पडताळा घेतल्यास यादृच्छिक बिघाड नजरेतून सुटण्याची शक्यता सु. ४·३ अब्जांत एक इतकी कमी असते. पडताळा जुळला, तर मुख्य कार्यक्रम सुरू होतो. न जुळल्यास प्रारंभक तेथेच थांबतो व नव्या कार्यक्रमाची वाट पाहतो.

इतिहास : प्रारंभीच्या अनेक संगणकांत प्रारंभक कोठेही साठविलेला नसे, तो माणसाच्या हातात असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ या संगणकात (१९६५) दर्शनी फळीवरील १२ बटणे वरखाली करून एकेक आज्ञा स्मृतीत भरीत. अशा रीतीने भरलेला सु. १६–१७ आज्ञांचा कार्यक्रम छिद्रित कागदी फीत वाचू शके. मग त्या फितीवरून अधिक मोठा वाचक-कार्यक्रम व त्याच्या साहाय्याने इष्ट कार्यक्रम आत येई. लहान कार्यक्रमाने स्वतःहून मोठ्या कार्यक्रमास आत ओढावे, ही प्रारंभकाची मूळ कल्पना या पद्धतीत स्पष्ट दिसते. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःलाच वर उचलणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून बूटलोडर हे नाव रूढ झाले.

सूक्ष्मप्रक्रियक उपलब्ध झाल्यावर हा प्रारंभक स्मृतीत कायमचा ठेवणे शक्य झाले. इंटेलने १९७१ मध्ये जंबुपार किरणांनी पुसता येणारी स्मृती बाजारात आणली. तिच्या चकतीवर क्वॉर्ट्‌झची लहान खिडकी असे. जुना मजकूर पुसण्यासाठी ती चकती यंत्रातून उपटून जंबुपार दिव्याखाली सु. पंधरा-वीस मिनिटे ठेवावी लागे आणि मग वेगळ्या उपकरणाने नवा मजकूर लिहावा लागे. कार्यक्रमातील एक स्वल्प चूक सुधारावयास अर्धा तास लागे. या त्रासातून सुटका करण्यासाठी मॉनिटर कार्यक्रम कायम स्मृतीत व परीक्षणाधीन कार्यक्रम तात्पुरत्या स्मृतीत ठेवण्याची रीत पडली.

इंटेलच्या एसडीके-८५ या शिकाऊ संचातील मॉनिटर केवळ २ किलोबाइटांचा होता. तेवढ्या जागेत तो कळफलक वाचणे, प्रकाशमान अंक दाखविणे, स्मृती व नोंदक (प्रक्रियकातील तात्पुरत्या साठवणीच्या जागा) पाहणे व बदलणे, कार्यक्रम चालविणे आणि एकेक आज्ञा पुढे जाणे एवढी कामे करीत असे. याच धर्तीचे ८०८५ चे संच पुढे महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत आले. विद्यार्थी वहीवर आज्ञा लिहीत, प्रत्येक आज्ञेचे षोडशमान पद्धतीतील रूप तक्त्यातून शोधीत व एकेक बाइट कळ दाबून आत भरीत. वीज गेली की, सर्व श्रम वाया जात. मॉनिटर मात्र परत हजर होई. यंत्रात टिकणारे काय व न टिकणारे काय, हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर या अनुभवाने पक्का ठसत असे.

विजेनेच पुसता येणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जाहीर केली. या स्मृतीचा प्रसार झाल्यावर चकती उपटण्याचे कारण उरले नाही. संगणक स्वतःच स्वतःचा मुख्य कार्यक्रम बदलू लागला व ते काम प्रारंभकाकडे आले. अनेक शिकाऊ फलकांवर आढळणाऱ्या एटीमेगा३२८पी या नियंत्रकाची फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट आहे व ऑप्टिबूट हा त्याचा प्रचलित प्रारंभक अवघ्या ५१२ बाइटांत, म्हणजे स्मृतीच्या चौसष्टाव्या भागात मावतो. याउलट मोठ्या प्रणालींसाठी वोल्फगांग डेंक यांच्या पुढाकाराने तयार झालेला यू-बूट हा मुक्त प्रारंभक अनेक प्रकारचे प्रक्रियक, साठवणीची साधने व संगणक-जाळी हाताळू शकतो.

दोषशोधनाच्या पद्धती : दोष शोधण्याचा मुख्य उपाय म्हणजे कार्यक्रम इष्ट ठिकाणी थांबविणे. अशा ठिकाणास विरामबिंदू म्हणतात. ८०८५ साठी मॉनिटर त्या ठिकाणचा मूळ बाइट बाजूला ठेवून तेथे आरएसटी १ ही एका बाइटाची आज्ञा (षोडशमान सीएफ) लिहू शकतो. प्रक्रियक तेथे पोहोचला की, ०००८ या पत्त्यावर उडी घेऊन मॉनिटरच्या स्वाधीन होतो. मॉनिटर सर्व नोंदकांतील संख्या जपून ठेवतो, मूळ बाइट जागेवर परत बसवितो व पुढील हुकमाची वाट पाहतो. हीच युक्ती फ्लॅश स्मृतीत वापरणे गैरसोयीचे असते; कारण तेथे एक बाइट बदलण्यासाठी पूर्ण विभाग पुसावा लागतो. म्हणून आधुनिक प्रक्रियकांत पत्त्यांची तुलना करणारी स्वतंत्र मंडलेच बसविलेली असतात. कॉर्टेक्स-एम३ मध्ये आज्ञांसाठी असे सहा तुलनाकारक आहेत.

मॉनिटरला चालण्यासाठी प्रक्रियक किमान जिवंत असावा लागतो. तो पूर्णपणे गोठला, तर बाहेरून हात घालण्याची सोय हवी. या गरजेसाठी १९९० मध्ये तयार झालेले आयईईई ११४९.१ हे प्रमाण उपयोगी पडले. ते जेटॅग या नावाने ओळखले जाते. मूळ हेतू फलकावरील जोडण्या तपासण्याचा होता. पुढे त्याच तारांतून प्रक्रियक थांबविणे, त्याची स्मृती वाचणे व अगदी कोऱ्या नियंत्रकात पहिला प्रारंभक भरणे ही कामे होऊ लागली.

सर्वांत सोपी व आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे कार्यक्रमाने आपली स्थिती क्रमिक तारेवरून अक्षरांच्या रूपात कळवीत राहणे. मात्र तिच्यात एक फसवी बाजू आहे. सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने एक अक्षर पाठविण्यास सु. १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात १६ मेगॅहर्ट्झच्या नियंत्रकाच्या सु. १६,००० साध्या आज्ञा होऊ शकतात. त्यामुळे निरीक्षणानेच कार्यक्रमाचा ताल बदलतो. काही दोष निरीक्षण सुरू करताच नाहीसे होतात व ते बंद करताच परत येतात. अशा दोषासाठी घटनांची नोंद लहान स्मृतीत साठवून ती नंतर सावकाश वाचतात.

दोष सापडेपर्यंत यंत्र अडकून पडू नये यासाठी राखणदार-गणक वापरतात. मुख्य कार्यक्रमाने ठराविक काळात त्याला खूण दिली नाही, तर तो प्रक्रियकाला पुन्हा आरंभापासून सुरू करतो. मात्र दोष कायमचा असेल, तर यंत्र उठणे व पडणे या फेऱ्यात सापडते. अशा वेळी फेऱ्या मोजून काही मर्यादेनंतर मुख्य कार्यक्रमाचा नाद सोडणे, हे चांगल्या प्रारंभकाचे लक्षण मानले जाते.

दूरस्थ नूतनीकरण : फ्लॅश स्मृती पुसली की, तिचे सर्व बिट १ होतात व लिहिताना त्यांतील हवे ते ० केले जातात. जुना कार्यक्रम पुसून नवा लिहीत असताना मध्येच वीज गेली, तर यंत्रात जुना कार्यक्रमही राहत नाही आणि नवाही पूर्ण होत नाही. यावर तीन बंधने पाळतात. प्रारंभकाची जागा लेखनापासून संरक्षित ठेवतात. नवा कार्यक्रम तुकड्यातुकड्यांनी घेऊन प्रत्येक तुकडा पडताळतात. वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांच्या एक्समोडेम पद्धतीत (१९७७) हा तुकडा १२८ बाइटांचा असतो. स्मृती पुरेशी असल्यास तिचे दोन कप्पे करून नवा कार्यक्रम रिकाम्या कप्प्यात लिहितात. तो संपूर्ण व निर्दोष ठरल्यावरच कोणता कप्पा वापरावयाचा ही खूण बदलतात. खूण बदलेपर्यंत जुना कार्यक्रम शाबूत असतो, त्यामुळे वीज कोणत्याही क्षणी गेली तरी यंत्र उठते.

दूर पसरलेल्या यंत्रसामग्रीचे नियंत्रण किती नाजूक असते याचे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात पाहावयास मिळते. खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हा रेडिओ दूरदर्शक टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारला. त्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० अन्वस्तीय आकाशक असून त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व बाकीचे तीन बाहूंवर सु. २५ किमी. विस्तारात आहेत. मध्यवर्ती कक्षातील आज्ञा प्रकाशीय तंतूंतून प्रत्येक आकाशकापर्यंत जातात व तेथील स्थानिक संगणक चलित्रे, ग्राही व संवेदक यांची व्यवस्था पाहतात. शेतांमधून उभ्या असलेल्या दूरच्या आकाशकाचा नियंत्रक अडकला, तर तेथवर जाण्यात निरीक्षणाचा मोलाचा वेळ खर्च होतो. शिवाय अशा ठिकाणी आणखी एक अडचण असते. प्रत्येक अंकीय मंडल आपल्या घड्याळ-स्पंदांच्या पटीतील कंप्रतांवर क्षीण रेडिओ गोंगाट करते, तर दूरदर्शक त्याच पट्ट्यांत अतिक्षीण खगोलीय संदेश ऐकत असतो. त्यामुळे नियंत्रक धातूच्या कवचात बंदिस्त ठेवावे लागतात. ज्या पेटीत सहज हात घालता येत नाही, तिच्यातील संगणकाला आपल्या स्थितीचे निवेदन तारेवरूनच करता येणे भाग असते.

वाहनांतील उपयोग : अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये नमुना वाहनांच्या चाचणीसाठी ज्या संस्थांची नावे आहेत, त्यांत तिचा व पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा समावेश आहे. पूर्वी वाहनाची चाचणी म्हणजे प्रामुख्याने लोखंड, रबर व इंधन यांची चाचणी होती. आता एंजिन, गतिरोधक, सुरक्षा-पिशव्या इत्यादींचे नियंत्रण संगणक करतात व एकाच वाहनात असे अनेक नियंत्रक असतात. ते बहुधा बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या सामाईक तारजोडीने एकमेकांशी बोलतात. मूळ कॅन पद्धतीत एका संदेशात फार तर ८ बाइट माहिती मावते.

दुरुस्तीगृहात निदान-उपकरण जोडल्यावर आयएसओ १४२२९ या प्रमाणानुसार प्रथम नियंत्रकाला पुनर्लेखनाच्या अवस्थेत नेतात, मग अधिकाराची खातरजमा होते आणि त्यानंतरच प्रारंभक स्मृती पुसून नवा कार्यक्रम स्वीकारतो. चालत्या वाहनात ही क्रिया होऊ नये यासाठी वाहनाचा वेग शून्य आहे, घटमालेचा दाब पुरेसा आहे इ. अटी आधी तपासल्या जातात. नूतनीकरणानंतर वाहनाचे वर्तन बदलू शकत असल्याने, चाचणीत उतरलेले वाहन व रस्त्यावरील वाहन एकच आहे काय, असा प्रश्न उभा राहतो. त्याची दखल घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या मंचावर २०२० मध्ये वाहनांच्या संगणकीय सुरक्षेसंबंधी १५५ क्रमांकाचा व कार्यक्रमांच्या नूतनीकरणासंबंधी १५६ क्रमांकाचा विनियम संमत झाला.

सुरक्षितता : ज्या दाराने दुरुस्ती करणारा आत जातो, त्याच दाराने चोरही आत जाऊ शकतो. दोषशोधनाची तार उघडी असेल, तर कोणीही कार्यक्रमाची नक्कल करू शकतो, मीटरमधील नोंद बदलू शकतो किंवा गतिरोधकाच्या नियंत्रकात भलता कार्यक्रम भरू शकतो. म्हणून उत्पादनानंतर ही तार बंद करतात आणि प्रारंभक केवळ निर्मात्याची गणिती स्वाक्षरी असलेलाच कार्यक्रम स्वीकारतो. या स्वाक्षरीच्या पडताळणीस लागणारी किल्ली नियंत्रकात न बदलता येणाऱ्या जागी असते. पडताळणीची ही साखळी पहिल्या कडीवर, म्हणजे प्रारंभकावर अवलंबून असते. कुलूप पक्के असण्याचाही तोटा आहे. निर्मात्याने उत्पादन बंद केले वा तो स्वतःच नाहीसा झाला, तर सुस्थितीतील यंत्रही दुरुस्त करता येत नाही. ते कोणाच्या हाती उघडावे याचा निर्णय तांत्रिक असतो तितकाच यंत्राच्या मालकाच्या हक्काशीही निगडित असतो.

जेथे प्रत्यक्ष हात पोहोचणे अशक्यच आहे, अशा अवकाशयानांत या कार्यक्रमांची खरी कसोटी लागते. मंगळावरील स्पिरिट ही गाडी २१ जानेवारी २००४ रोजी अडचणीत आली. फ्लॅश स्मृतीतील नोंदींच्या व्यवस्थेतील दोषामुळे ती पुन्हापुन्हा उठत व पडत राहिली आणि असे साठांहून अधिक वेळा घडले. फ्लॅश स्मृतीला हात न लावता आरंभ करण्याची सोय तिच्यात ठेवलेली होती. तसा हुकूम मिळाल्यावर ती स्थिर झाली व ९० मंगळदिवसांसाठी योजलेल्या त्या गाडीशी मार्च २०१० पर्यंत संपर्क राहिला. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर-१ या यानाकडून नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक संदेश येऊ लागले. एकेरी संदेशास सु. साडेबावीस तास लागत असताना तंत्रज्ञांनी त्याच्या एका संगणकाची स्मृती मागवून वाचली, निकामी झालेली एक चकती हुडकली व तिच्यातील आज्ञा तुकडे करून अन्यत्र हलविल्या. एप्रिल २०२४ मध्ये त्या यानाकडून पुन्हा अर्थपूर्ण माहिती येऊ लागली. स्मृती वाचणे व स्मृतीत लिहिणे या दोन क्रिया ८०८५ च्या शिकाऊ संचातील मॉनिटरही करीत असे. यंत्र बनविताना त्या दोन क्रियांसाठी राखलेल्या थोड्याशा जागेवरच, ते बिघडल्यावर पुन्हा उपयोगी पडेल की नाही, हे पुष्कळदा अवलंबून असते.